उत्तरपूजेनंतरचा आठवडा

प्राणप्रतिष्ठेचा शेवटचा मंत्र संपला की काका पुढे होत, मूर्तीच्या पावलावर उजवा तळहात सपाट ठेवत आणि क्षणभर डोळे मिटून उभे राहत. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई हात लावून पाहते, तसा तो स्पर्श असे. मग हात काढून ते एकच शब्द उच्चारत, "आहे." त्यानंतरच आमच्या मंडळाची आरती सुरू होई.

विसर्जनाच्या दिवशी हाच प्रकार उलट्या क्रमाने घडे. उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या, की मूर्ती जागची किंचित हलवण्याचा मान त्यांचा. पाटाला दोन्ही हात लावून ते ती बोटभर सरकवत, पुन्हा पावलावर तळहात ठेवत आणि म्हणत, "गेले."

येताना एकेरी आणि जाताना आदरार्थी, असे का, हे मी त्यांना एकदा विचारले होते.

"आला तेव्हा पोर होता, वकीलसाहेब," ते म्हणाले. "दहा दिवस आपल्या सगळ्यांच्या कटकटी ऐकल्या. आता मान द्यायला नको?"

मी वकील नाही. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत माझे टेबल आहे आणि मँचेस्टरमधील मराठी माणसाला कौन्सिलकडे, शाळेकडे किंवा पार्किंगच्या दंडाविरुद्ध जे काही लिहून हवे असते, ते मी लिहून देतो. माझे स्वतःचे शिक्षण नववीत थांबले. तथापि आमच्या गणेशोत्सवासाठी हॉलपासून नदीकाठापर्यंत जी जी परवानगी लागली, ती माझ्याच अर्जाने मिळाली, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. ते मला 'वकीलसाहेब' म्हणत, आणि मी त्यांची ही चूक कधी दुरुस्त केली नाही.

ते रत्नागिरीकडचे. ऐन तारुण्यात या शहरात आले, आयुष्यभर बस चालवली, आणि पत्नीच्या निधनानंतर एका लाल विटांच्या घरात एकटेच राहत. सगळे त्यांना काका म्हणत.

आपणही अशी माणसे पाहिली असतील, ज्यांना प्रत्येक जत्रेला, प्रत्येक मिरवणुकीला जायचेच असते. काकांची तऱ्हा मात्र निराळी होती. शहरात वर्षभर काही ना काही चालू असते. उन्हाळ्यात कार्निव्हल, मग पार्कातला मेळा, हिवाळ्यात नाताळचा बाजार. काका यांपैकी कशाच्याही प्रारंभाला जात नसत. लोक परतू लागले की हे ट्राममधून उतरत. कार्निव्हलचा शेवटचा ट्रक वळेपर्यंत, नाताळच्या बाजारातली शेवटची लाकडी टपरी मोडून लॉरीवर चढेपर्यंत ते कोपऱ्यावर उभे असत. नोव्हेंबरात युद्धात पडलेल्यांच्या स्मारकापाशी पुष्पचक्रे वाहिली जातात. तेथे सैनिक आणि महापौर निघून गेल्यावर रिकाम्या चौकात एकटे काका उभे दिसत.

"निघते ती मिरवणूक कोणीही बघतो," ते म्हणत. "पोचली की नाही, ते बघायला एक माणूस लागतो."

झाडूवाले त्यांना ओळखत. एकाने तर त्यांना कौन्सिलचा तपासनीस समजून वर्षभर सलाम केला होता. काकांनी तो सलाम पूर्ण गांभीर्याने स्वीकारला.

ही गोष्ट ज्या वर्षीची, त्या वर्षी काकांनी घर विकले. विकले म्हणण्यापेक्षा, मुलाने विकायला लावले. मुलगा इथेच जन्मलेला, आता लंडनमध्ये इल्फर्डला स्थायिक झालेला, स्वभावाने चांगला. जिन्यावरून काका दोनदा पडल्यावर त्याने आग्रह धरला.

"बाबा, तुमचा रूम खालीच आहे. जिना नाही काही नाही. यू विल लव्ह इट."

काकांनी एकच अट घातली. विसर्जन झाल्याशिवाय आपण हलणार नाही. मुलाने ती मान्य केली आणि सर्व व्यवहार त्यानुसार ठरवला. शनिवारी सामान गेले. रविवारी विसर्जन, आणि तेथूनच गाडीत बसून इल्फर्ड. चाव्याही त्याच सकाळी नव्या मालकाच्या हाती पडल्या.

मुलाला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे होते, म्हणून लवकर निघणे भाग होते. आणि त्या रविवारी मी प्रथमच काकांना घाई करताना पाहिले. दरवर्षी नदीकाठी पुढे गेलेल्या कार्यकर्त्यांकडून 'या' असा निरोप आल्यावरच उत्तरपूजा होत असे, आणि हा नियमही त्यांनीच घातलेला. त्या दिवशी ते म्हणाले, "निरोप येईलच. आटपून घेऊ." पूजा झाली. अक्षता पडल्या. त्यांनी पाट सरकवला, तळहात ठेवला आणि म्हणाले, "गेले."

ढोलपथकाने पट्टे खांद्यावर चढवले आणि आमच्या अध्यक्षबाईंचा फोन वाजला. डोंगराकडे रात्रभर पाऊस झाला होता. नदी काठाबाहेर आली होती आणि कौन्सिलने तिकडची वाट बंद केली होती.

अध्यक्षबाई पुण्याच्या, सॉफ्टवेअरमधल्या, संकटात अधिक तरतरीत होणाऱ्या. "ओके, नो पॅनिक," त्या म्हणाल्या. "नेक्स्ट संडेला करू. एकवीस दिवसांचे पण गणपती असतातच की."

"असतात," काका म्हणाले. "पण न हलवलेले."

"अहो काका, एवढंसं तर सरकवलंय. परत सरकवू."

"एकदा हलवला की परत बसवता येत नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "पाणी कुठलंही चालेल. मागे कार पार्कमध्ये टब लावा, लहान पोरांचा पोहायचा हौद आणा. पण आज करा."

येथे वाचकांचा गैरसमज होऊ नये. काका हट्टी नव्हते. सोवळ्याओवळ्याचे त्यांना काही नव्हते, टबातल्या विसर्जनाला ते स्वतःहून तयार झाले होते. तयार नव्हतो ते आम्ही. मिरवणुकीला महापौर यायचे होते, ढोलपथक बर्मिंगहॅमहून आले होते आणि पुढच्या रविवारीही यायला कबूल होते. कार पार्कातल्या टबाभोवती ढोल वाजवणे कोणालाच शोभादायक वाटेना. मतदान झाले. मी नव्या तारखेचा अर्ज तेथेच लिहायला घेतला. मूर्ती उचलून पुन्हा मखरात ठेवण्यात आली.

काकांनी त्या वेळी पाटाला हात लावला नाही. मुलगा घड्याळ पाहत म्हणाला, "बाबा, मग आपण निघू या का?"

"मी हलवलाय," काका म्हणाले. "मी पोचवल्याशिवाय कसा जाऊ?"

मुलगा एकटाच गेला. घर नव्या मालकाचे झाले होते, म्हणून तो आठवडा काका माझ्याकडे राहिले.

त्या आठवड्याविषयी मी आजवर कोठे काही लिहिलेले नाही.

सोमवारी सायंकाळी अध्यक्षबाई कामावरून परस्पर हॉलवर आल्या, मोदकांचा डबा उघडला आणि समई लावू लागल्या. हेतू अत्यंत चांगला. काका खुर्चीवर बसले होते. त्यांनी उठून बाईंच्या हातातली काड्यापेटी काढून घेतली.

"लावू नका."

"असं कसं काका? बाप्पा अंधारात बसणार का?"

"ते नाहीत इथे. काल गेले." ते अगदी हळू बोलत होते, जणू कोणी ऐकू नये. "रिकाम्या घरात दिवा लावला, नैवेद्य दाखवला, तर त्याचा अर्थ काय होतो? या, बसा, असा. आणि कोण येऊन बसेल ते आपल्या हातात नाही."

अध्यक्षबाई हसल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मीही हसेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मला हसता आले नाही. त्यांनी डबा बंद केला आणि नंतर गाडीत बसेपर्यंत त्या सारख्या फोनवर बोलत राहिल्या.

त्यानंतर आठवडाभर काका सकाळी हॉलवर जात आणि मूर्तीसमोर, पण तिच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसत. हॉलमध्ये वर्षभर योगासनांचे वर्ग चालतात. वर्गाला येणाऱ्या बायका मखरावर चादर टाकून व्यायाम करून जात. बुधवारी त्यांच्या शिक्षिकेने वर्ग दुसऱ्या हॉलमध्ये हलवला. कारण विचारले तेव्हा म्हणाली, हीटिंग चालू असूनही गार वाटते. हीटिंग चालूच होते, हे मी स्वतः तपासले. त्या उष्णतेनेच शाडू अधिक सुकली असावी. गुरुवारी मूर्तीच्या उजव्या खांद्यापाशी केसाएवढा तडा दिसू लागला. मी काकांना तो दाखवला.

"माती आहे," ते म्हणाले. "माती राहिली की तडकते."

माझ्या घरी त्यांनी बॅग उघडली नाही. सोफ्याच्या कडेवर बसत, कोट अंगात. पानात वाढलेले खात, विचारले तेवढे बोलत. पूर्वी ते आले की आमचे घर भरून जाई. माझ्या अर्जांतले मोठे शब्द मोठ्याने वाचून ते माझ्या पत्नीला हसवत. आता ती त्यांच्यापुढे चहा ठेवी आणि स्वयंपाकघरात येऊन उगाच उभी राही. शुक्रवारी ती मला म्हणाली, "ते समोर बसलेत, तरी सोफा रिकामा आहे असं वाटतं हो. मला भीती वाटते."

मी तिला असले काही न बोलण्याविषयी बजावले. परंतु मलाही ते वाटत होते.

शनिवारी मी त्यांना म्हटले, "काका, उद्या सगळं व्यवस्थित होईल. परवानगी हातात आहे."

"वकीलसाहेब, घरातून सामान गेलं शनिवारी. चाव्या गेल्या रविवारी. त्याच दिवशी मी गाडीत बसलो असतो, तर पोचलो असतो."

"उद्या पोचाल."

"उद्या कोण जाणार आहे, ते बघू," ते म्हणाले.

रविवारी ऊन पडले होते आणि नदी आपल्या पात्रात परतली होती. मिरवणूक देखणी झाली. गळ्यात सोन्याची साखळी घातलेल्या महापौरांनी चिखलात बूट माखून घेतले आणि ढोलावर दोन टिपऱ्याही मारल्या. इंग्रज कुटुंबे कुत्री घेऊन पुलावर उभी होती. काठाशी मूर्ती खाली ठेवल्यावर सगळे सवयीने काकांसाठी बाजूला झाले. काका जागचे हलले नाहीत.

"काका, हात नाही लावणार?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"ते मागच्या रविवारीच गेले."

"मग आज हे कोण आहे?" त्या थट्टेने म्हणाल्या.

"तेच मला कळत नाहीये," काका म्हणाले.

तरुण मंडळींनी मूर्ती पाण्यात नेली. पहिल्याच बुडीला उजवा हात, आशीर्वादाचा, खांद्यापासून निखळला आणि मूर्तीच्या आधी पाण्याखाली गेला. ढोल चालूच होते. फार थोड्यांनी ते पाहिले.

मूर्ती गेल्यावर पाटावर मूठभर वाळू घेऊन काठावर आरती करायची, मग तो पाट परत आणायचा, ही आमची रीत. ती वाळू इतकी वर्षे काकाच उचलत. मी वळून पाहिले तेव्हा ते न्यायला आलेल्या मुलाच्या गाडीत बसले होते आणि गाडी सुरू झाली होती. प्रत्येक गोष्ट संपेपर्यंत थांबणारा हा माणूस आरतीआधी निघाला. काचेतून मी हात केला. त्यांची नजर समोर होती. वाळू मी उचलली.

काही आठवड्यांनी एका कामासाठी लंडनला जाणे झाले, तेव्हा मी इल्फर्डला त्यांच्याकडे गेलो. खोली खरोखरच चांगली होती. खाली, उजेडाची, रस्त्यावर मोठी खिडकी असलेली. मुलाने दार उघडले.

"बाबा एकदम ओके आहेत. खातात, झोपतात. डॉक्टर पण म्हणाले, ऑल फाइन. फक्त शांत झालेत."

काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, पाठ रस्त्याकडे. समोर चहा होता आणि त्यावर साय धरली होती. त्या दुपारी नेमकी त्या रस्त्यावरून दिवाळीची मिरवणूक होती. शाळेतली मुले कागदी कंदील घेऊन गेली, मागून एक ट्रक, मागून बँड. मी म्हटले, "काका, मिरवणूक आली." मग ती गेली. गर्दी पांगली, पिवळी जाकिटे घातलेले झाडूवाले आले आणि ओले कागद गोळा करू लागले. मी खुर्ची थोडी वळवून म्हटले, "काका, झाडूवाले आले बघा. पोचली."

त्यांनी पाहिले नाही. डोळे उघडे होते.

मी कसा प्रवृत्त झालो ते सांगता येणार नाही, पण मी त्यांच्या हातावर माझा उजवा तळहात सपाट ठेवला आणि क्षणभर डोळे मिटले. हात उबदार होता. मनगटाशी नाडी नीट चालू होती.

स्वयंपाकघरातून सुनेने हाक मारून विचारले, "अहो, बाबा आहेत ना जागे? चहा गरम करून आणू?"

हात काढला की काका एकच शब्द उच्चारत, 'आहे' किंवा 'गेले'. मी हात तेथेच ठेवून उभा राहिलो. तिने पुन्हा विचारले.