शेठ आले की पडदा जांभळा

सुरतेजवळच्या पलसाण्याच्या ज्या साडी मिलमध्ये मला नोकरी लागली, तिथे रंगीत मॉनिटर एकच होता आणि त्याला स्वतःची वातानुकूलित खोली होती. दुसरा एसी फक्त शेठजींच्या केबिनमध्ये. बाहेर छपाई खात्यात माणसं घामाने निथळत असायची आणि मी ऐन मे महिन्यात आत स्वेटर घालून बसलेली असायचे. भेस्तानच्या आमच्या घरून निघताना पिशवीत स्वेटर कोंबताना पाहून शेजारणी आईला हळूच विचारायच्या, ‘पोरीची तब्येत बरी आहे ना?’

माझं काम म्हणजे मास्तरांनी कागदावर काढलेली नक्षी स्कॅन करून कॉम्प्युटरवर तिच्यात रंग भरायचे. मास्तर म्हणजे मिलचे जुने चित्रकार. अस्सल सुरती, त्यामुळे वाक्याची सुरुवात शिवीनेच. पण खोलीत मी बसायला लागल्यापासून ते शिवी अर्ध्यात गिळायचे. ‘साला आ...’ इतकं बोलून थांबायचे आणि उरलेलं तोंडातल्या तोंडात चावायचे. कॉम्प्युटर त्यांना मुळीच पसंत नव्हता. ‘डब्यात रंग कुठे, बेन? रंगाचं भूत आहे ते,’ म्हणायचे. तरी खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसायचे आणि माझा हात जरा चुकला की स्वतःच्याच मांडीवर थाप मारायचे.

पहिल्यांदा घोटाळा झाला तो केशरी कोयऱ्यांच्या साडीवर. शेठजी डिझाइन बघायला आले. त्यांची सवय अशी की समोर बसायचं नाही. बाजूला उभं राहायचं, एक हात मॉनिटरच्या डोक्यावर ठेवायचा आणि पोट त्याच्या कुशीला टेकवून खाली वाकून बघायचं.

‘बेन, आ शुं?’

‘केशरी कोयऱ्या, शेठ.’

‘ह्याला केशरी म्हणतात?’

मी पडद्याकडे बघितलं. शेठजींच्या बाजूच्या कोयऱ्या गर्द जांभळ्या झाल्या होत्या. मधल्या हिरवट. एका क्षणापूर्वी माझ्या डोळ्यांदेखत त्या केशरी होत्या. मी माऊस हलवला, फाइल बंद करून उघडली, पण जांभळं ते जांभळंच. शेठजी वैतागून निघून गेले. रंग जरा ओसरला, पण मळकट डाग मागे राहिलाच. मॉनिटर बंद करून थोडं थांबून पुन्हा चालू केला. ‘ठंण’ असा आवाज झाला, चित्र थरथरलं आणि केशरी कोयऱ्या जागच्या जागी.

मग हे रोजचंच होऊन बसलं. दिवसभर रंग ठीक. शेठजी आले की बिघडणार.

मी मला येत होतं ते सगळं केलं. मागची वायर काढून फुंकर मारून पुन्हा घट्ट बसवली. पुढची सगळी बटणं फिरवून पाहिली. हिशेबवाल्यांचा मॉनिटर आणून लावला, पण तो काळा-पांढरा, त्यावर काय कळणार? स्टॅबिलायझर लांब सरकवला, टेबलफॅन बाहेर काढला. शेठजींनी कुणाला तरी विचारून टेबलाची दिशा बदलली, त्यामुळे माझी पाठ एसीकडे झाली आणि स्वेटरवर शाल आली. शेवटी सुरतेहून कॉम्प्युटरवाला इंजिनिअर बोलावला. त्याने सगळं उघडलं, पुसलं, लावलं. तासभर पडदा नव्या नवरीसारखा शहाणा. ‘मॅडम, ह्यात काही खराबी नाही,’ असं सांगून तो चहा पिऊन गेला. तो फाटकाबाहेर पडला असेल-नसेल, शेठजी आत आले, मॉनिटरला टेकले, आणि जांभळं!

आता शेठजींचा संशय मास्तरांवर गेला. तसा तो साहजिकही होता. कॉम्प्युटर नको म्हणून मिलभर ओरडणारा हा एकच माणूस, आणि बिघाड झाला तेव्हा दर वेळी खोलीत हजर.

‘मास्तर, तुम्ही काही करता का?’ शेठजींनी सरळच विचारलं.

‘शेठ, मला ते चालूसुद्धा करता येत नाही.’

‘बिघडवायला चालू कशाला करावं लागतं?’ शेठजी म्हणाले, आणि दाराशी जाऊन हळू आवाजात पुढे म्हणाले, ‘दिवाळीनंतर आराम करा आता. वय झालं.’

त्या दिवशी मास्तरांनी एकही शिवी अर्धी सोडली नाही. कारण ते काही बोललेच नाहीत. डब्यातल्या पाण्यात बिनरंगाचा ब्रश नुसता ढवळत बसले. मला फार वाईट वाटलं.

उलगडा झाला तो आमच्या घरी. वडील लूमवर उभे राहून राहून कंबरेने बेजार झाले होते. बाजारात त्या दिवसांत चुंबकाचे पट्टे निघाले होते, कंबरेला बांधले की दुखणं पळतं म्हणे. वडिलांनी एक आणला. रविवारी टीव्हीवर मुंग्या येत होत्या म्हणून ते मागची वायर हलवायला टीव्हीला खेटून वाकले, आणि पडद्यावर गाणाऱ्या बाईचा अर्धा चेहरा जांभळा झाला.

‘आवं, टीव्हीले काय करं तुम्हीन?’ आई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली. घरी आमची अहिराणीच चाले.

‘मी कोठे काय करं? मी ते नुसता वाकनू!’

मी जागची उठले. ‘बाबा, पट्टा सोडा,’ म्हटलं. त्यांनी सोडला. मी तो टीव्हीजवळ नेला, जांभळा. लांब नेला, डाग उरला, पण रंग उतरला. पुन्हा जवळ. आईने शेवटी माझ्या हातातून पट्टा ओढून घेतला, कारण टीव्ही हप्त्यावर घेतलेला होता.

सोमवारी तोच पट्टा पिशवीत स्वेटरखाली घालून मी मिलमध्ये गेले आणि दार लावून मास्तरांना प्रयोग दाखवला. मास्तरांनी पट्टा माझ्याकडून घेतला आणि मॉनिटरभोवती आरती ओवाळावी तसा फिरवला. डावीकडून हिरवं, उजवीकडून जांभळं.

‘साला आ...’ त्यांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे शेठच्या कमरेला...’

‘असणारच.’

गंमत अशी की शेठजी रोज सकाळी ऑफिसात सगळ्यांना योगासनांवर भाषण द्यायचे. ‘माझी कंबर बघा, जवान माणसासारखी,’ म्हणायचे. त्याच जवान कंबरेला ते शर्टाच्या आत पट्टा बांधून हिंडत होते.

‘आपण सांगून टाकू,’ मी म्हटलं.

‘शेठला त्याच्या कमरेबद्दल मी सांगू? अगं बेन, मग तो दिवाळीचीसुद्धा वाट बघणार नाही!’

म्हणून आम्ही वेगळा इलाज केला. केबिनमधून एक गादीची खुर्ची मागवली आणि भिंतीशी, मॉनिटरपासून चांगली लांब ठेवली. शेठजी आले की मी म्हणायचे, ‘शेठ, इथे बसा. साडी लांबूनच बघायची असते ना? दुकानात बाई काय नाकाला लावून बघते?’ शेठजींना ते पटलं. पडदा सुधारला. शेठजी बाहेर सांगत सुटले की टेबलाची दिशा बदलल्याचा गुण आला.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच कलकत्त्याचे मोठे व्यापारी आले. शेठजींनी त्यांना मानाची खुर्ची दिली, म्हणजे ते स्वतः मोकळे झाले. केशरी कोयऱ्या पाहून व्यापाऱ्यांनी जांभई दिली. शेठजींना राहवलं नाही. ‘अहो, किनार बघा, किनार!’ म्हणत ते पुढे झाले, मॉनिटरवर हात टाकला आणि वाकले. मी डोळे मिटले.

‘रुकिए!’ व्यापारी ओरडले. ‘यही! यही रंग चाहिए!’

मी डोळे उघडले. केशरीतून जांभळ्यात जाणाऱ्या कोयऱ्या, मध्ये हिरवी झाक. खोटं कशाला बोलू, सुरेख दिसत होत्या. व्यापाऱ्यांनी तिथल्या तिथे ऑर्डर दिली आणि नमुना संध्याकाळपर्यंत हवा म्हणाले.

ते जेवायला गेले आणि शेठजी माझ्याकडे वळले. ‘छापून द्या.’

‘शेठ, हा रंग फाइलमध्ये नाही. नुसता पडद्यावर आहे.’

‘मग आता?’

मास्तर घसा खाकरून उठले. त्यांनी रंगाच्या बाटल्या मांडल्या, ब्रश धुतला. ‘मी बघून हाताने उतरवतो. पण शेठ, तुम्हाला इथे उभं राहावं लागेल. होतात तसेच. वाकून.’

‘मी? कशाला?’

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईने म्हटलं, ‘खिडकीतला उजेड अडवायला.’

‘ह्या खोलीला खिडकी कुठाय?’

पण ऑर्डर मोठी होती. शेठजी काही न कळताच वाकून उभे राहिले. मास्तर सावकाश रंग कालवू लागले. खरं तर इतके सावकाश त्यांनी आयुष्यात कधी कालवले नसतील. ‘जरा डावीकडे, शेठ. अं... श्वास सोडू नका, हिरवा जातो.’ शेठजी निमूट श्वास धरायचे. मी शाल तोंडात कोंबली होती.

मग कागद बोर्डाला लावायला मास्तरांनी टाचण्यांची डबी उघडून मॉनिटरशेजारी ठेवली. टक, टक, टक. टाचण्या उडून शेठजींच्या पोटावर जाऊन बसल्या आणि तिथेच लटकत राहिल्या.

शेठजींनी पोटाकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग माझ्याकडे.

‘दरवाजो बंद करो,’ ते म्हणाले.

मी दार लावलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे कापडाची सळसळ झाली. वळून पाहिलं तर शेठजी पट्टा हातात घेऊन उभे होते. तो त्यांनी पडद्याजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. अगदी आमच्यासारखाच.

‘इतके दिवस हेच?’

‘हो, शेठ.’

‘आणि मास्तर?’

‘मास्तरांनी कशालाच हात लावला नव्हता.’

शेठजींनी पट्टा टेबलावर ठेवला. मग त्यांनी स्वतःच्या केबिनमधला चहा मागवला, पाहुण्यांच्या कपबशांत, आणि पहिला कप मास्तरांना दिला. माफी त्यांच्याच्याने मागवली नसती, मास्तरांनाही ती ऐकवली नसती. ‘दिवाळीनंतर नवीन माल काढायचा आहे,’ शेठजी म्हणाले. ‘रजाबिजा घेऊ नका.’ मास्तरांनी बशीत चहा ओतला आणि मान डोलावली. उरलेला नमुना पूर्ण होईपर्यंत पट्टा स्वतः शेठजींनीच धरला, आणि मधूनमधून ‘थोडा वर घेऊ का?’ असं मोठ्या उत्साहाने विचारत राहिले.

साडी चालली. कलकत्त्याहून पुन्हा मागणी आली. कॅटलॉगसाठी त्या रंगाला नाव हवं होतं, म्हणून शेठजींनी मास्तरांनाच विचारलं. मास्तरांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगितलं, ‘कमरी.’

शेठजींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, पण छपाईची घाई होती, नाव तसंच गेलं. पुढच्या खेपेला कलकत्त्याचे व्यापारी आले तेव्हा आमच्यासमोरच शेठजींना म्हणाले, ‘क्या नाम रखा है! क़मर, यानी चाँद. बहुत शायराना!’

‘हां जी,’ शेठजी म्हणाले, ‘ते आमच्या मास्तरांना सुचलं.’ आणि मास्तर खाली मान घालून ब्रश धुऊ लागले.