न सापडलेल्या पाखरांचा हिशेब

डोळ्यांना दिसतं तेवढंच असतं, यावर ज्याचा जन्मात एक दिवसही विश्वास बसला नाही असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. स्वयंपाकघरात झुरळ दिसलं की मी चप्पल शोधायची. भाऊजी आधी विचारायचे, कुठे दिसलं, उजेड किती होता, चष्मा डोळ्यांवर होता की कपाळावर. मग थोडा वेळ छताकडे बघून शांतपणे सांगायचे की घरात साधारण चौदा झुरळं आहेत. चौदा कुठून आली म्हणून मी भांडले, तर म्हणाले, "एक तुमाले दिसलं, वहिनी. बाकीच्याइले तुम्ही दिसल्या."

ही खोड त्यांना रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागली. हरवलेल्या सामानाच्या तक्रारी त्यांच्या टेबलावर यायच्या. एक माणूस तक्रार करायला येतो तेव्हा चार जण कंटाळून घरी बसलेले असतात, हे त्यांनी ओळखलं, आणि तसं साहेबांना सांगितलंही. साहेबांना ते आवडलं नाही, यात नवल नाही. पुढे हे शास्त्र त्यांनी लग्नांनाही लावलं. माझ्या भाचीला अमरावतीचं एक स्थळ आलं होतं. मध्यस्थ म्हणाला, मुलगा चांगला आहे, फक्त कधीमधी गुटखा खातो. भाऊजींनी लगेच हिशेब मांडला. मुलाकडचे लपवणार, आपण नीट बघणार नाही, म्हणजे एक खोड कळली तर मुळात पाच असणार. सगळे त्यांच्यावर चिडले. लग्न झालं. भाऊजींचा अंदाज कमीच निघाला.

असा माणूस निवृत्त झाल्यावर देवळात जाऊन बसेल, असं आम्हाला वाटलं होतं. पण तेवढ्यात आमच्या शहराबाहेर, अभनपूरच्या पलीकडे एक सोलर प्लांट उभा राहिला. वावरंच्या वावरं काचेच्या प्लेटांनी झाकली गेली. त्या प्लेटा पाखरांना वरून पाण्यासारख्या दिसतात. थंडीतली पाणपाखरं तळं समजून उतरतात आणि आपटतात. वटवाघळं संध्याकाळी पाणी प्यायला म्हणून झेपावतात, त्यांच्यातलीही काही मरतात. अशी किती मरतात ते मोजून दाखवा, अशी कंपनीला वरून अट होती. मेलेली पाखरं मोजायला माणूस पाहिजे, असं ऐकल्याबरोबर भाऊजी असे उठले की मला वाटलं, यांना आता पुन्हा मुंडावळ्या बांधाव्या लागतात की काय.

त्या दिवसापासून त्यांची मान खाली गेली ती गेलीच. प्लांटमध्ये दोन रांगांमधून नांगरासारखं जायचं आणि तसंच परत यायचं, अशी त्यांची चाल पडली. तीच चाल घेऊन ते बाजारातही जायचे. गोलबाजारात त्यांना तसं चालताना बघून एका दुकानदाराला वाटलं, यांचं काही पडलं. तो शोधायला लागला. त्याला बघून दोन गिऱ्हाइकं वाकली, मग एक रिक्षावाला. भाऊजींनी कुणालाच थांबवलं नाही. उलट घरी येऊन त्यांनी मला सांगितलं की रिक्षावाल्याची नजर चांगली आहे, दुकानदार नुसता वाकतो. माझीही परीक्षा झाली. त्यांनी ओसरीवर शेंगदाणे लपवून ठेवले आणि मी झाडल्यावर राहिलेले गोळा केले. मग भर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर सांगितलं, "वहिनीले दहातले सात सापडते." मी तोच झाडू घेऊन त्यांना आठवा कुठे आहे ते विचारलं.

पण खरं सांगायचं तर त्या कामात अक्कल होती, आणि ती मला, चौथी शिकलेल्या बाईलाही समजली. चार पाखरं सापडली म्हणजे चारच मेली असं नाही. काही कुत्र्याने, कोल्ह्याने नेली असणार, काही गवतात आपल्याला दिसली नसणार. मग किती नेली, ते कसं काढायचं? तर आपणच मेलेली पाखरं ठेवायची आणि रोज जाऊन बघायचं, किती उरली. निम्मी उरली तर सापडलेलं एक म्हणजे मुळातली दोन. लगेच सगळी गायब झाली, तर मात्र देवच जाणे. यासाठी भाऊजी एका पोल्ट्रीवाल्याकडून आपोआप मेलेली पिल्लं आणत. ती ठेवायला त्यांनी एक जुना फ्रिज घेतला आणि जिन्याखाली लावला. आमच्या घरात अंडंही येत नाही. सत्यनारायणाला आलेल्या शेजारणीने सरबतासाठी बर्फ पाहिजे म्हणून तोच फ्रिज उघडला. तिने प्रसाद घेतला, पण उंबऱ्याबाहेर उभी राहून. एकदा धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात मला कागदाची पुडी लागली. सुपारी असेल म्हणून उघडली, तर आत वाळलेलं वटवाघूळ. मी ओरडले नाही. शर्ट वटवाघळासकट त्यांच्या ताटाशेजारी ठेवून दिला. ते म्हणाले, "बरं झालं वहिनी, मी दिवसभर शोधून राहिलो होतो."

एका हिवाळ्यात मात्र विपरीत झालं. भाऊजींनी ठेवलेली पिल्लं दुसऱ्या सकाळी एकूण एक गायब. पुन्हा ठेवली, पुन्हा गायब. भाऊजी त्या न पाहिलेल्या कोल्ह्याच्या प्रेमातच पडले. रोज जेवताना त्याचं कौतुक. काय हुशार आहे, एक पीस सोडत नाही, रक्ताचा थेंब नाही. मी विचारलं, "कोल्हा आहे की मोलकरीण?" ते हसले नाहीत. कोल्ह्याविरुद्ध त्यांना काही ऐकवत नसे. पण हिशेब त्यांनी चुकवला नाही. इतक्या झपाट्याने पाखरं उचलली जात असतील, तर त्या थंडीत सापडलेल्या चार पाखरांमागे न सापडलेली किती असतील? कागदावर आकडा फुगत गेला. चाराचे शेकडो झाले.

तो आकडा ऐकून प्लांटचे मॅनेजर ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी आले. बिलासपूरकडचे, गोल, घामट, हातात पेढ्यांचा डबा. मला काकीजी म्हणून वाकून नमस्कार केला. त्या आकड्याचा रिपोर्ट वर गेला तर आपली खुर्ची गेलीच, असं त्यांनी चहा येण्याआधीच सांगून टाकलं. दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत, तेही सांगितलं. भैयाजींनी एक शून्य कमी लिहावं, कोण बघतंय. भाऊजी म्हणाले, शून्य कमी करणारा माणूस पाहिजे होता तर मला कशाला घेतलं. त्यापेक्षा उद्यापासून यायचं नाही असं सांगा, मी येत नाही. ते काम गेलं असतं तर भाऊजी महिन्याभरात आटले असते, हे मला दिसत होतं.

मॅनेजर म्हणाले, पण सापडली तर चारच ना. भाऊजींनी त्यांना बशीत पेढे मांडून समजावलं. हे ठेवलेले, हे कोल्ह्याने नेलेले, हे उरलेले. जितके लवकर जातात तितका आकडा मोठा. मॅनेजर पेढ्यांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"मतलब, जितना उठाएंगे, उतना बढ़ेगा?"

"हव," भाऊजी म्हणाले.

मॅनेजरांनी एक पेढा उचलला आणि परत ठेवला. मग ते गृहस्थ बशीकडे बघतच म्हणाले, "वो कोल्हा-वोल्हा कोई नहीं है, भैयाजी. वो मैं ही उठवाता था."

सगळं बाहेर आलं. कमी दिसली तर कमी भरतील, या समजुतीने त्यांनी चौकीदाराला रोज पहाटे पाठवलं होतं. मेलेलं जे दिसेल ते उचल, पोल्ट्रीतलं असो की आभाळातलं. पाप लागू नये म्हणून चौकीमागे पुरायचं आणि वर उदबत्ती लावायची. पोल्ट्रीच्या पिल्लांना इतकी चांगली गती दुसरीकडे कुठे मिळाली नसेल. मला हसू आवरेना, म्हणून मी आत जाऊन पुन्हा चहा टाकला. भाऊजी मात्र हसले नाहीत. आपला कोल्हा गेल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ते एवढंच म्हणाले की पुन्हा पिल्लं ठेवू, कुणी हात लावायचा नाही, मग जो आकडा येईल तो लिहू. मोठा आला तर मोठा, लहान आला तर लहान. मॅनेजरांनी मान डोलावली. उंबऱ्यात चपला घालताना त्यांना काहीतरी आठवलं. चौकीदार म्हणत होता, त्यातली काही जिवंत असायची. काळपट, बदकाच्या पिल्लाएवढी, नुसते पाय मारत पडलेली. ती त्याने गावच्या तळ्यात नेऊन सोडली. "उनको तो गिनना नहीं था ना?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या टिबुकल्या. पाण्यात डुबक्या मारणाऱ्या. त्यांना जमिनीवरून उडता येत नाही, उडायला पाणीच लागतं. काच म्हणजे पाणी असं समजून उतरल्या की तिथेच पडून राहतात. भाऊजींनी मॅनेजरांना थांबवून सांगितलं की चौकीदाराला पहाटे पाठवणं बंद करू नका. मेलेल्यांना हात लावू नये, पण जिवंत असेल ते टोपलीत घालून तळ्यावर न्यावं.

पुढे पिल्लं पुन्हा ठेवली. ती कुत्र्यांनी आणि कावळ्यांनी रीतसर, रक्त सांडत, पिसं उडवत नेली. आकडा आला. शेकड्यांचा नव्हता, पण चारही नव्हता. रिपोर्ट तसाच गेला. मॅनेजरांची खुर्ची राहिली आणि भाऊजींचं कामही.

रिपोर्ट गेला त्या संध्याकाळी भाऊजी ओसरीवर बसून होते. मी म्हटलं, खरा आकडा निघाला, आता तोंड काहून पाडलं?

"वहिनी, मेले किती ते निघते," ते म्हणाले. "पण त्यानं तळ्यात सोडलेले किती, ते मले काढताच नाही येऊन राहिलं."

मी म्हटलं, "तळ्यावर जाऊन मोजा."

"तिथं साऱ्या सारख्याच दिसते. वाचलेली कोनती अन् तिथलीच कोनती, कसं ओळखू?"

तेव्हापासून दर थंडीत एकदा ते मला स्कूटरवर मागे बसवून त्या तळ्यावर नेत. मी कुरकुरत जाई, कारण तिथे बसायला दगडाशिवाय काही नव्हतं. टिबुकल्या डुबकी मारत, भलतीकडेच वर येत. मी एकदा विचारलं, किती आहेत? ते म्हणाले, असू द्या.

भाऊजी गेल्यावर मी तिकडे गेले नाही. मॅनेजर बदलून गेले, चौकीदार नवा आला म्हणतात. तो पहाटे उठतो की नाही, कुणास ठाऊक. पण काही न मोजता गप्प बसलेला तो माणूस मी आयुष्यात फक्त त्या तळ्याच्या काठावर पाहिला.