मामा आणि बाकावरचा क्वार्टरबॅक

माझ्या मामेसासऱ्यांइतका अमेरिकन फुटबॉल कळणारा माणूस तुंगभद्रेच्या अलीकडे दुसरा नसेल, आणि तो इतक्या चिकाटीने मला समजावून सांगणारा तर पलीकडेही नसेल. एवढं असून मला तो अजून कळलेला नाही. यात त्यांचा दोष काहीच नाही. त्या खेळाचं नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळतात. आणि चेंडू तरी कसा, तर सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडे टोकं असलेला. घटकाभर झोंबाझोंबी होते, मग सगळे कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि विचार करतात. मीही विचार करतो. तोवर मामा म्हणतात, "पाहिलंत ना?" आणि मी म्हणतो, "पाहिलं की." काय पाहिलं ते विचारू नये.

इतकं मात्र मला समजलं आहे की तो नारळ फेकणारा जो मुख्य गडी असतो त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याला दुखापत झाली तर पंचाईत नको म्हणून दुसरा एक तसाच बाकावर बसवून ठेवतात. डोक्याला टोपी, हातात कागद, आणि मुख्य गडी ठणठणीत असेल तर वर्षभर काम नाही. सगळं जग त्या मुख्य गड्याकडे बघतं. मामांचा जीव त्या बाकावरच्या पोरावर.

मामा निवृत्त होईपर्यंत कडकोळच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळत होते, आणि निवृत्त झाल्यापासून घर स्टोअर्ससारखं सांभाळतात. "एकच आहे म्हणजे नाहीच समजायचं, जावईबापू," असं ते मला नेहमी सांगतात. मैसूरच्या देवराज मोहल्ल्यात शिंप्यांच्या गल्लीतल्या त्यांच्या घरात दोन मिक्सर आहेत, दोन इस्त्र्या आहेत, आणि मामींना चष्म्याचा नंबर लागला त्या दिवशी मामांनी दोन चष्मे करवले. एक मामींनी लावायचा, दुसरा कपाटात. नंजनगूडला देवदर्शनाला जाताना ते पिशवीतून जादा चपला नेतात आणि त्यांच्या चपला आजवर एकदाही चोरीला गेलेल्या नाहीत, याचं त्यांना थोडं वाईटच वाटतं. आमच्या लग्नाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यांनी दोन गुरुजी बोलावले होते. दुसरे गुरुजी मागच्या रांगेत बसून पहिल्या गुरुजींच्या प्रत्येक मंत्राला मान हलवत होते; आडवी. माझ्या बाबतीतही त्यांनी तशीच व्यवस्था केली होती, हे मला बऱ्याच वर्षांनी बायकोकडून समजलं. टी. नरसीपूरचे एक गृहस्थ त्या दिवशी कडक कोट घालून पहिल्याच रांगेत बसले होते. अजूनही कुठे भेटले की ते माझ्या प्रकृतीची फार बारकाईने चौकशी करतात.

अशा माणसाला मुलगी मात्र एकच, मेघा. तिच्यासाठी मामांनी शिरस्त्याप्रमाणे दोन स्थळं काढून ठेवली होती. ती शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथल्याच केविन नावाच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. बातमी आली तेव्हा मामा "इरली" एवढंच म्हणाले. आमच्या मैसुरी मराठीत राग, दुःख, क्षमा आणि भाजीत मीठ कमी पडणं या सगळ्यांवर तो एक कन्नड शब्द पुरतो: असू दे. पण असू दे म्हटलं म्हणून असत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासऱ्याने जावयाला बोलवायचं, ही आमच्यातली रीत. दिवाळसण. तेही स्वतःच्या तोंडाने. सासूने बोलावलेलं चालत नाही, निरोप तर नाहीच. पहिली दिवाळी मामांनी तोंड मिटून काढली. दुसरीही तशीच गेली. मेघा तरी कुणाची मुलगी? तिने आईला स्वच्छ सांगितलं, अप्पांनी केविनला बोलावल्याशिवाय मी मैसूरला पाय ठेवणार नाही.

मग यंदा एका सोमवारी सकाळी मामींनी मेघाला लावलेला व्हिडिओ कॉल केविनने उचलला, कारण ती स्वयंपाकघरात अडकली होती. तिकडे रविवारची रात्र. इकडे फोन नेमका मामांच्या हातात होता. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. केविनच्या मागे टीव्हीवर सामना चालू होता. काहीतरी बोलायचं म्हणून मामांनी विचारलं, तो टोपीवाला पोरगा सुम्ने, म्हणजे उगीचच, का बसलाय? केविन म्हणाला, तो राखीव क्वार्टरबॅक, सर. "राखीव" हा शब्द ऐकताच मामा खुर्चीत पुढे सरकले. पुढचा तासभर मामींची कॉफी त्यांच्यासमोर गार होत राहिली.

तेव्हापासून दर सोमवारी हेच. मामांनी घरच्या टीव्हीवर सामने दिसायची सोय करून घेतली. वाद एकच: या पोराला दुसऱ्या संघाला देऊन टाकायचं, तर बदल्यात काय घ्यायचं? तिकडे दर वर्षी नवे खेळाडू निवडतात म्हणे, फेऱ्याफेऱ्यांनी. पहिल्या फेरीतली जागा सोन्याची, पुढच्या उतरत्या भावाच्या. केविन म्हणायचा, पाचवी फेरी मिळाली तरी खूप. त्याचा करार यंदा संपतो, मग तो फुकट जाईल. मामा म्हणायचे, दुसऱ्या फेरीच्या खाली बोलायचं नाही. "मुख्य माणसाचा गुडघा बघितलास? अमुक संघाच्या क्वार्टरबॅकचा खांदा निखळलाय, त्यांना गरज आहे. गरज आहे त्याच्याकडून कमी का घ्यायचं?" मला दोघांचंही पटायचं. जो शेवटी बोलेल त्याचं जरा जास्त.

दिवाळी जवळ येऊ लागली तशा मामी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "तासभर चेंडूवर बोलतात आणि फोन ठेवून देतात हो. या म्हणून एक शब्द नाही. तुम्ही सोमवारी बसा त्यांच्याजवळ. बोलणं दिवाळीकडे वळवा."

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मामी."

"म्हणूनच. कळणारा माणूस तिथंच अडकतो."

मी बसू लागलो. एकदा योग्य जागा बघून, "नाही का"साठीचा आमचा कन्नड "अल्वा" जोडून म्हणालो, "मामा, तिकडे आता थंडी पडत असेल, अल्वा? आणि इकडे दिवाळी आली."

"बरोबर मुद्दा काढलात," मामा म्हणाले आणि फोनकडे वळले, "केविन, आमचे जावईबापूसुद्धा तेच म्हणतात. थंडीत चेंडू हातातून निसटतो, मुख्य माणूस चुका करणार. पोरगा ठेवायचा." केविनने माझं अभिनंदन केलं. मामी स्वयंपाकघरातून माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, तसं त्या टी. नरसीपूरच्या गृहस्थांनीही कधी बघितलं नव्हतं.

दिवाळी अगदी तोंडावर आली असताना, सोमवार नसताना केविनचा फोन आला. मी मामींना नारळ द्यायला गेलो होतो. "सर, दिला त्याला," केविन म्हणाला. "चौथी फेरी."

चौथी म्हणजे कोण जिंकलं याचा मी बोटांवर हिशेब करू लागलो. मामा आता भडकणार असं वाटलं. ते म्हणाले, "त्याला विचारलं होतं?"

"नाही सर. विचारत नाहीत. सकाळी फोन आला, दुपारच्या विमानाने गेला."

"बायको?"

"मागून येईल. घर मिळेपर्यंत तो हॉटेलात."

"विमानतळावर न्यायला कोण आलं होतं?"

केविन गोंधळला. इतक्या सोमवारांत असा प्रश्न आला नव्हता. "माहीत नाही सर. संघाची गाडी येत असेल."

"गाडी येते रे. माणूस आला होता का, ते विचारतोय."

 मामा खिडकीबाहेर शिंप्यांच्या दुकानाकडे बघत राहिले. मग घसा खाकरून ते आपल्या स्टोअर्समधल्या इंग्रजीत, माल आल्याची खबर द्यावी तसं म्हणाले, "केविन, दिवाळीला मेघाला घेऊन घरी ये. मी बोलावतोय. बेंगळुरूला विमानतळावर मी येईन. गाडी पाठवणार नाही. मी येईन."

स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला. फोनवर गडबड ऐकू आली आणि मेघाचा आवाज आला, "अप्पा, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"बरी आहे की. सुम्ने म्हटलं," मामा म्हणाले आणि फोन मामींच्या पिठाच्या हातात देऊन गॅलरीत गेले.

इतक्या आयत्या वेळी दोघांना सुट्टी कुठली मिळायला? संक्रांतीला येतो म्हणाले. मामा म्हणाले, चालेल, दिवाळसण संक्रांतीला करू. कुठल्या शास्त्रात बसतं ते दोन गुरुजींना विचारून ठेवतो. मामींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कसं वळवलंत हो बोलणं?" मी तोंडही उघडलं नव्हतं. पण त्या चिरोट्यांची बशी पुढे करत होत्या, तेव्हा मी गूढ हसलो आणि दोन उचलले.

सोमवारी मी अजून जातो; आता मला तिथे काही काम नाही, पण सवय लागली. मामा हल्ली तो दुसराच संघ लावून बसतात, जिथे त्यांचा पोरगा गेला आहे. तिथेही तो बाकावरच आहे. किंमत, फेऱ्या, गुडघे यांच्याबद्दल मामा आता फारसं बोलत नाहीत. परवा मध्येच एकदा कॅमेरा त्याच्यावर क्षणभर थांबला. मामा पुढे वाकले.

"वाळलाय जरा, अल्वा?"

मी चष्मा पुसून पाहिलं. ओढलेली टोपी, कानावरचं यंत्र आणि तोंडापुढे धरलेला कागद यांतून माणसाची हनुवटी तेवढी दिसत होती.

"हो मामा," मी म्हणालो. "थोडासा."