आर्डिसने केलेला फोन

आमच्या नेब्रास्कात कुणी "कसं चाललंय?" विचारलं की "छान" म्हणायचं असतं. गुडघे कामातून गेलेले असोत, नाहीतर गारपिटीने मका आडवा झालेला असो. माझी भावजय आर्डिस या बाबतीत आम्हा सगळ्यांच्या वरताण.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म काढला. माझा भाऊ गेल्यावर तिने साठवलेले पैसे खाऊ विकणाऱ्या सहा यंत्रांत घातले. मोक्याच्या जागा आम्ही मिळवून देऊ, तुम्ही फक्त शेंगदाणे भरा आणि नाणी काढा, असं एका गोडबोल्या माणसाने हॉटेलातल्या सभेत सांगितलं होतं. जागा मिळाली एकच, टायरच्या दुकानात, आणि तो टायरवाला माझा नवरा. बाकीची पाच यंत्रं तिच्या गॅरेजात आणि गाडी बाहेर बर्फात.

शेवटी मीच तिला ओढत कुबिचेक वकिलाकडे नेलं. त्याने कागद चाळले.

"असा धंदा विकण्याआधी त्याने तुम्हाला सगळी माहिती लेखी द्यायला हवी होती. ती दिली नाही. राज्याकडे नोंदणीही नाही. वर्षाच्या आत तुम्ही लेखी कळवलंत की करार रद्द. यंत्रं त्याची, पैसे तुमचे."

"धंदा बुडाला हे सांगावं लागेल का?" आर्डिसने विचारलं.

"नाही. कायदा पाळला नाही, एवढं पुरे."

आर्डिसचा चेहरा उजळला. पैशांपेक्षा झाकली मूठ राहिली याचंच तिला बरं वाटलं. मला ते दिसलं आणि तिचा भयंकर राग आला.

नोटीस गेली, उत्तरही लगेच आलं. सगळे पैसे परत मिळतील, पण याबद्दल कुणापाशी अवाक्षर काढणार नाही अशा कागदावर सही हवी.

"सही नाही केलीत तर कोर्टात जाऊ," कुबिचेक म्हणाला. "जिंकूही. पण तोवर त्याच्याकडे काही उरेल का, ते सांगता येत नाही."

घरी येऊन आर्डिसने तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"कर की सही," मी म्हणाले. "बघतेस काय?"

"व्हर्लीन, त्या यंत्रवाल्याने एका बाईला माझा नंबर दिला होता, धंदा कसा चालतो ते विचारायला. डार्ला नाव तिचं. राज्याच्या पार पश्चिमेला राहते. मी तिला सांगितलं, छान चाललंय."

"पाच यंत्रं गॅरेजात असताना?"

"मग परक्या बाईपुढे रडत बसू? तिने घेतली यंत्रं. वर माझे आभार मानायला कार्ड पाठवलं. तिचं वर्ष पुढच्या महिन्यात संपतंय."

"सही केल्यावर तिला सांगता येणार नाही."

"तेच तर."

"आणि आत्ता सांगितलंस, त्याला कळलं, तर तुझे पैसे बुडाले समज."

आर्डिसने चष्मा लावला आणि नंबर फिरवला. मला तिची कीव आली, अभिमानही वाटला.

"डार्ला, मी आर्डिस व्होबोरिल. मी तुझ्याशी खोटं बोलले. माझा धंदा एक दिवसही चालला नाही. तू उद्याच्या उद्या वकील गाठ."

पलीकडून डार्लाचा आवाज मलाही ऐकू आला.

"आर्डिस, मीही दोघांना छानच सांगितलंय गं."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस?" आर्डिस म्हणाली. "ठेव फोन आणि त्यांना लाव."