सहदेवरावांचा दगड

आमच्या शहाडच्या बिल्डिंगमध्ये सहदेवरावांना मागून ‘धोंडे’ म्हणतात. आडनाव ते नाही. ते खनिज छंद मंडळात जातात, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. त्यांची बायको मालन मला एकदा ‘चल गं, एकटीला कंटाळा येतो तिथे’ म्हणून मंडळात घेऊन गेली आणि मग मीही जात राहिले. दगडांतलं मला फारसं कळत नाही. चहाचं बघते.

सहदेवराव मूळचे कोकणातले, खेडकडचे. नोकरी सगळी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये, लेथवर. रिटायर झाल्यावर माणसं देवळात बसतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत भांडतात. हे मंडळात गेले, पण तेही ठरवून नाही. ठाण्याला भाच्याचा साखरपुडा होता, हॉल वरच्या मजल्यावर. हे खालच्या हॉलमध्ये शिरले. टेबलं मांडलेली, माणसं नीटनेटकी, चहा-बिस्किटं चाललेली. आहेराचा खोका हातात होता. समोर जे पहिले वयस्कर गृहस्थ दिसले त्यांना वाकून नमस्कार केला आणि खोका हातात दिला. ते होते श्रीपादकाका, मंडळाचे अध्यक्ष, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना वाटलं, कुणीतरी दगड आणलाय. त्यांनी लोकांसमोर खोका उघडला, तर आत स्टीलचे डबे.

“हे कुठे सापडले आपल्याला?” काकांनी विचारलं म्हणे.

“उल्हासनगरला,” सहदेवरावांनी खरं ते सांगितलं.

चूक कळेपर्यंत मंडळाच्या प्रदर्शनातलं भाषण सुरू झालेलं. मधून उठणं बरं दिसेना, म्हणून बसले. भाषण आपल्याच इथल्या काळ्या कातळावर होतं. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे अडकतात, त्यांच्या पोकळ्या राहतात आणि मग लाखो वर्षं पाणी झिरपून आत स्फटिक धरतात. आयुष्यभर लोखंड कापलेला माणूस, त्यांना ते ऐकून काय झालं कोण जाणे. साखरपुडा राहिला. बहीण अजून बोलून दाखवते. डबे काकांनी परत देऊ केले, तर हे घेईनात. आमच्या चहाची साखर आजही त्यातल्याच एका डब्यात असते.

मंडळ डोंबिवलीला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा भरतं. पावसाळा सरला की मुरबाडच्या रस्त्याला जुन्या, बंद पडलेल्या खाणींकडे सहल निघते. छिन्नी, हातोडी, भिंग आणि सापडलेलं गुंडाळायला रद्दी. येताना प्रत्येकाच्या पिशवीत काही ना काही असतं. सहदेवरावांच्या पिशवीत खडी. एवढी वर्षं जातात, पण मांडण्यासारखा दगड त्यांना कधी मिळाला नाही. हिवाळ्यात ठाण्याला प्रदर्शन होतं, तिथे प्रत्येकाच्या नावाचं कार्ड आणि पुढे त्याचा दगड. ह्यांच्या नावाचं कार्ड कधी छापलंच गेलं नाही. ते खुर्च्या लावायचे. वाईट वाटत असणार, पण बोलायचे नाहीत. मालनच बोलायची, “नाव सहदेव, ज्याला म्हणे न सांगता सगळं कळायचं. आमच्या सहदेवाला पायाखालचा दगड कळत नाही.”

तो यंदा कळला. पायाखालचा नाही, बुडाखालचा.

सहलीला दुपारी सगळे डबा उघडून बसले. सहदेवराव खाणीच्या तोंडाशी एका चिखलाने माखलेल्या दगडावर बसले. चपाती-भाजी खाताना दगड सारखा डुगडुगायचा. उठताना तो कलंडला, आणि खालच्या बाजूला नारळाएवढी पोकळी. आत सगळे स्फटिक. पाण्यात हिरवी बांगडी बुडवावी तसा रंग, कडा अशा की हात लावायला भीती वाटावी. श्रीपादकाका धावत आले आणि खाली गुडघ्यांवरच बसले.

“सहदेवराव! ॲपोफिलाइट आहे हो! असा तुकडा माझ्या संग्रहातसुद्धा नाही.”

सहदेवरावांनी आधी हात पँटला पुसले. मग म्हणाले, “मी ह्यावर बसलेलो.”

प्रदर्शनात मधलं टेबल त्यांचं, हे तिथेच ठरलं. कार्ड छापायला गेलं. मालनने दगड ठेवायच्या लाकडी पाटाला मखमल शिवली. स्वतः म्हणायची, “एवढं तर आमच्या लग्नात सजवलं नव्हतं.”

आमच्यात दगड आणला की बादलीत भिजवून ठेवतात आणि जुन्या टूथब्रशने घासतात. तीन-चार दिवस भिजल्यावर मालन पाठीकडची बाजू घासायला बसली आणि तिने मला हाक मारली. “अगं, इकडे ये जरा. हे काय आहे बघ.”

चिखल आणि शेवाळ्याखालून नारिंगी रंग निघत होता. जाड, थरावर थर बसलेला.

“शेंदूर?” मी म्हटलं.

तिने ब्रश खाली ठेवला, हात धुतले, पदर सारखा केला. सहदेवराव दारात उभे होते. त्यांचा चेहरा मला बघवेना. “मी त्याच्यावर बसून जेवलो,” एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून त्या घरात कुणाला काही सुचेना. मालन दगड देवघरात ठेवीना, म्हणे ओळख ना पाळख, कुणाचा कोण देव, त्याचं करायचं काय असतं ते माहीत नाही. खाली ठेवीना, पाय लागेल. शेवटी फ्रीजवर नॅपकिन अंथरून त्यावर ठेवला. सकाळी देवपूजेतलं एक फूल उरलंच तर तिथे ठेवायची. उरलं नाही तर उरवायची. आणि कुणी आलं की सहदेवराव दगड फिरवून हिरवी बाजू पुढे करायचे. पाहुणे गेले की मालन परत फिरवायची.

प्रदर्शनाआधीच्या बैठकीला त्यांनी दगड नेला आणि पाठ दाखवली. “हे नक्की काय आहे ते सांगा. शेंदूर असेल तर मी हा मांडणार नाही. नसेल तर मांडतो. मला फक्त नक्की सांगा.”

श्रीपादकाकांनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं. “लोहाचा गंज असू शकतो. स्टिल्बाइटचे स्फटिकसुद्धा कधीकधी असे केशरी असतात.”

अंतरा म्हणून कंपनीत नोकरी करणारी मुलगी आहे, ती म्हणाली, “काका, तिकडे रस्त्याचं रुंदीकरण चाललंय ना? मोजणीवाले दगडांवर रंगाच्या खुणा करतात. तो ऑइल पेंट असेल.”

“तेलात कालवून लावतात शेंदूर,” मी म्हटलं. “तेलाने निघेल. बघा तरी.”

चहाच्या स्टोव्हवर तेल कोमट केलं, कापूस बुडवून चोळला. कापूस नारिंगी झाला. मालनने वास घेतला. “देवळाचा वास येतो.”

“जुना ऑइल पेंटसुद्धा असा सुटतो, वहिनी,” काका म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

“म्हणजे नक्की काय?” सहदेवरावांनी पुन्हा विचारलं.

काकांनी भिंग पुसलं. अंतराने फोन बघितला. कुणीच नक्की सांगेना. शिकलेली, चांगली माणसं, पण त्या दिवशी सगळ्यांची तऱ्हा एकच.

प्रदर्शन रविवारी, म्हणून शनिवारी आम्ही तो दगड घेऊन खाणीजवळच्या गावात विचारायला कल्याणहून एसटीने निघालो. सहदेवराव, मालन आणि मी. श्रीपादकाकाही आले. “दगड एकटा पाठवायचा नाही मला,” असं म्हणाले. त्यांना वाटत होतं, गावात कुणीतरी सांगेल की हे आमचं काही नाही, आणि सगळं मिटेल. सहदेवरावांनाही तेच हवं होतं, हे मला दिसत होतं. देवाला घाबरतही होते आणि दगड आपल्याकडेच राहावा असंही वाटत होतं.

कंडक्टरने मांडीवरच्या जड पिशवीकडे बघून विचारलं, “काय आहे, काका?”

“ठरायचंय अजून,” सहदेवराव म्हणाले. कंडक्टरने अर्धं तिकीट मागितलं नाही, हेच नशीब.

खाणीशी बकऱ्या चरत होत्या. चारणारा एक म्हातारबा होता, भिवा नाव. सहदेवराव पुढे झाले. “आमच्याकडनं इथला एक दगड... म्हणजे देव... म्हणजे तुमचा असला तर...”

“दावा तरी,” भिवा म्हणाला.

त्याने दगड फिरवला. हिरव्या स्फटिकांवरून नजर नुसती गेली. नारिंगी थरावर नख ओढलं, नखाचा वास घेतला. “शेंदूर हाय.”

मालनने हात जोडले. काकांनी सुस्कारा टाकला.

“पण आमचा नाय ह्यो,” भिवा म्हणाला. “आमचे देव वर, उंबराखाली. खाण चालू व्हती तवा लांबलांबची लोकं कामाला यायची. सुरुंगाच्या आधी हात जोडायला त्यांनी बसवला आसंल. खाण बंद झाली, लोकं गेली. कुठली, कोण, काय ठावं.”

काकांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे आता कुणाचाच नाही! सहदेवराव, ऐकलंत? कुणाचाच नाही.”

“न्या की,” भिवा म्हणाला. “कोण इचारनार हाय?”

सहदेवराव जागेवरच बसले. ज्याने सुटायचं होतं त्यानेच गाठ बसली. कुणी ‘आमचा’ म्हणून हिसकावून घेतला असता तरी बरं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. मालनकडे बघितलं, तर ती म्हणाली, “उचललात तुम्ही. मी काय सांगू?”

मग ते उठले. “कौल लावतो.”

कोकणातली माणसं अडली की देवाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. मालनच्या पिशवीत झेंडू होता. सहदेवरावांनी दगड उभा केला, समोर मांडी घातली, पाकळ्या लावल्या आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. आम्ही तिघं, भिवा आणि चार-पाच बकऱ्या, सगळे बघत उभे.

एक पाकळी पडली.

“उजवी!” काका म्हणाले.

“थांबा,” भिवा म्हणाला. तो हसू दाबत होता. “तुमी पाठीला कौल लावलाव.”

बघितलं तर खरंच. मंडळाच्या सवयीने सहदेवरावांनी स्फटिकांची बाजू पुढे करून ठेवलेली. आमच्यात तीच दगडाची समोरची बाजू, मागचं ते नुसतं मागचं.

“शेंदूर लावला ते त्वांड,” भिवा म्हणाला. “ही पोकळी तं ढुंगान हाय त्याचं.”

“म्हणजे उजवी ती डावी झाली,” मी म्हटलं. “देव नाही म्हणाला.”

“कशाला नाही म्हणाला?” मालनने विचारलं. “तुम्ही विचारलंत काय?”

सहदेवराव गोंधळून तिच्याकडे बघत म्हणाले, “म्हटलं, आता काय करू ते सांग.”

“अहो, हो-नाहीचं विचारायचं असतं! ‘काय करू’ला उजवी-डावी काय सांगणार?”

श्रीपादकाका हसले, मग मीही हसले, आणि हसताना मनातल्या मनात देवाची माफी मागितली. सहदेवराव हसले नाहीत. “परत लावू?” असं विचारलं, आणि आपणच मान हलवली. “सारखंसारखं विचारलं की देव चिडतात.”

काका त्यांच्याजवळ बसले. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. “सहदेवराव, उद्या कार्डावर तुमचं नाव आहे. एवढ्या वर्षांनी. एक दिवस मांडू आणि मग आणून ठेवू. मी स्वतः येईन.”

हे चांगलं होतं. मलाही पटलं. मालननेही मान हलवली. सहदेवराव दगडाकडे बघत होते. त्यांनी भिंग काढलं, त्या हिरव्या पोकळीत शेवटचं नीट बघून घेतलं, निदान आता मला वाटतं की शेवटचं.

“नेला तर परत आणवणार नाही माझ्याच्याने,” ते म्हणाले. “मला मी माहीत आहे.”

आणि उचलून जागेवर नेला. भिवाने दाखवलं, पोकळी खाली घालायची, वर ठेवली तर पाणी साठतं आणि विंचू घर करतात. हिरवे स्फटिक मातीत गेले. काकांनी मान फिरवली. दगड बसवला तर तसाच डुगडुगला, जसा जेवताना डुगडुगत होता. भिवाने खाणीतली एक कपची घेऊन खाली सारली, तेव्हा थांबला. मालनने नारळ आणला होता, तो फोडला. बकऱ्यांनी अर्धं खोबरं पळवलं.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात मधल्या टेबलावर मखमलीचा पाट रिकामा, पुढे सहदेवरावांच्या नावाचं कार्ड. अंतरा म्हणाली, काका, कार्ड काढू का? तर म्हणाले, राहू दे, छापलंय ना. आणि टेबलामागे इस्त्रीचा शर्ट घालून बसले. लोक थांबायचे, विचारायचे, इथे काय होतं. ते सांगायला लागायचे, दरवेळी वेगळ्या ठिकाणापासून, आणि मध्येच अडायचे. एकाला म्हणाले, दगड होता. एका बाईला म्हणाले, देव होता. एका शाळकरी पोरीला म्हणाले, “होता नाही, आहे. फक्त इथे नाही.” ती आईचा हात धरून पुढच्या टेबलाकडे गेली.

मालनने फ्रीजवरचा नॅपकिन अजून उचललेला नाही. फूलही ठेवते. “आता कुणाला?” मी विचारलं. “हात जातो गं,” म्हणाली.

परवाच्या बैठकीत मी साखर घालत होते, तेव्हा श्रीपादकाका सहदेवरावांच्या शेजारी येऊन बसले. इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच म्हणाले, “पुढच्या सहलीला तिकडेच जाऊ म्हणतो. एकदा उलटा करून बघू फक्त. लगेच परत ठेवू.”

सहदेवरावांनी बिस्कीट हातात घेतलं. “बघायला मलाही आवडेल,” म्हणाले. “पण आधी विचारावं लागेल.”

“कुणाला?”

“तेच तर,” सहदेवराव म्हणाले, आणि चहात बिस्कीट बुडवून बसले, ते मऊ होऊन आत पडलं तरी त्यांना कळलं नाही.