घरची द्राक्षं

ताईच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. "देठाला धर, मणी चोळू नको. बोटं आवर!" बागायतदार तिला मागून नकोबाई म्हणायचे आणि समोर निमूट ऐकायचे. न ऐकून सांगतात कुणाला? एकेकाची बाग हातरुमालाएवढी, एकट्याच्या मालाला विचारतो कोण? ताईनेच दारोदार फिरून सगळ्यांची मोट बांधली, छाटणी शिकवली, शहरातला मोठा दुकानदार गाठला. तो म्हणाला, "एक गाडी पाठवा. एक जरी क्रेट खराब निघाला, तर पुन्हा फोन करू नका."

द्राक्षाच्या मण्यावर पांढुरकी झाक असते. ती धूळ नव्हे, मण्याचं कवच. पुसली की मणी दिसतो झकास, पण लवकर मऊ पडतो. हे ताईने सगळ्यांच्या डोक्यात कुटून भरलं होतं.

घरचा माल नवऱ्याने काढून आणला होता. तिला इतरांच्या बागांमधून सवड कुठली? गाडी भरायच्या सकाळी शेडमध्ये एकेक क्रेट तपासत ती घरच्या क्रेटांपाशी आली. घड आरशासारखे चकचकीत! शेजारी सासरे बसलेले, मांडीवर मऊ फडकं. हात थरथरायला लागल्यापासून त्यांच्या हाती कुणी कात्री देत नव्हतं.

"बघ गं," ते खुशीत म्हणाले, "एका मण्यावर धूळ ठेवली नाही. माझ्या सुनेचा माल उठून दिसायला हवा."

आता आली का पंचाईत! सगळे टकमक बघत होते. कुणीतरी पुटपुटलं, "जाऊ द्या ना ताई, म्हाताऱ्याची हौस. गाडीत सगळ्यात खाली लावू." क्षणभर तिलाही वाटलं, लावावेत. मग तिने स्वतःच ते क्रेट उचलून बाजूला ठेवले.

"आपले राहू देत, आबा. पुसलेली द्राक्षं वाटेतच खराब होतात. एवढ्या जणांचं नुकसान नको."

गाडी गेली, शेड रिकामी झाली. आबांनी फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"पुसायची नसतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"मीच. घरोघरी जाऊन," म्हणता म्हणता ताईची जीभ अडखळली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

आबा हसायला गेले, पण जमलं नाही.

"मी तर घरातच होतो गं."