तीन महिन्यांची गोळी आणि चैत्रातली डाळ

माझ्या नाकात मांस वाढलं होतं. डॉक्टरांचा शब्द पॉलिप. सोललेल्या द्राक्षाच्या मण्यांसारखे ते दोन्ही बाजूंना लोंबत होते आणि त्यांच्यापायी सहा वर्षं मला कशाचाही वास आला नाही. तुम्हाला हे फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर तुमचे आजोबा शेजारी बसलेले असतात आणि ही गोष्ट त्यांच्या बहिणीची आहे. तुमची आत्याआजी, खालच्या मजल्यावरची. मी त्यांना वन्सं म्हणते.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू एक वर्ष माझ्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. त्या वर्षी माझ्याकडे होतं. कैरीची डाळ मी सकाळीच वाटून ठेवली. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, वासही घ्यायचा नाही, हा आमच्या घरचा नियम; त्यातला अर्धा माझ्याकडून आपोआपच पाळला जाई. नैवेद्य झाल्यावर चमचाभर खाल्ली. आंबट लागली. कैरीची डाळ आंबट लागायचीच. एप्रिलच्या उकाड्यात ती आंबून गेली आहे, हे जिभेला कळलं नाही, आणि नाक तर बंदच होतं. वन्संनीही तिथेच, ओट्यापाशी उभं राहून चमचाभर खाल्ली.

"छान जमलीये, वहिनी," म्हणाल्या.

वीसेक बायकांच्या हातात वाट्या गेल्यावर त्यांनी आपली वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कुणी खाऊ नका हं. आंबलीये. वहिनींना बिचाऱ्यांना वास येत नाही ना."

बायकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी जपून ठेवली.

दिवाळीनंतर ऑपरेशन करून घेतलं. लोकांना सांगितलं की श्वासाला त्रास होतो. खरं कारण ती वाटी होती. श्वास मोकळा झाला, पण वास आला नाही. आत सूज होती आणि कोंब पुन्हा फुटू शकतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी एक अँटिबायोटिक लिहून दिलं, नेहमीच्या निम्म्या ताकदीचं, रोज एक गोळी, तीन महिने. ही जंतू मारायला नाही, सूज उतरायला आहे, सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. आधी हृदयाचा आलेख काढला, कोलेस्टेरॉलची गोळी बदलली, कानात आवाज आले तर लगेच कळवायचं बजावलं. डबीतला इंग्रजी कागद मी अधोरेखित करून दोनदा वाचला.

वन्संनी इमारतभर सांगितलं की अँटिबायोटिक पाच दिवसांचं असतं, तीन महिने म्हणजे विषच. आणि या वयात कुणाचा वास परत आलाय. उरलेल्या गोळ्या मनाने खाणाऱ्यांना मीही रागावते, त्यामुळे त्यांचं पहिलं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दुसरं मी ऐकून ठेवलं. आजोबा बहिणीच्या बोलण्यात आले आणि दोनदा गोळ्यांची पाकिटं माळ्यावर नेऊन ठेवली. मी दोनदा स्टुलावर चढून ती खाली काढली.

रोज न्याहारीनंतर गोळी, मग मिठाच्या पाण्याने नाक धुणं, मग चार बाटल्या ओळीने हुंगणं: हिंग, लवंग, कॉफी, धने. कॅलेंडरवर खूण. देवाचं नाव घ्यावं तशी गोळी गिळताना मी वन्संची आठवण काढत असे. दोन महिने चारी बाटल्या सारख्याच, कोऱ्या.

फेब्रुवारीच्या शेवटी दिंडोरीहून द्राक्षांची पेटी आली. झाकण काढलं आणि आत अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्राचा वास आला. द्राक्षांचा नाही, कागदाचा. मी कितीतरी वेळ पेटीत तोंड घालून बसले होते. पुढच्या आठवड्यात हिंग आला, मग लवंग. आजोबांना म्हटलं, वन्संना एवढ्यात सांगायचं नाही. माळ्याची शरम होती म्हणून असेल, तेवढं त्यांनी पाळलं.

चैत्रात पाळी वन्संची. हळदीकुंकवाच्या दिवशी दिवसभर वीज जाणार हे आधीच कळलं होतं. त्यांनी डाळ आदल्या रात्रीच वाटून ठेवली; पहाटेपासून फ्रिज बंद. नैवेद्यानंतर त्या गौरीपुढे वाण मांडत होत्या.

"वहिनी, जरा डाळीचं मीठ बघा," म्हणाल्या. "मीठ तरी कळतं ना?"

मी झाकण काढलं. इतका स्वच्छ वास सहा वर्षांत आला नव्हता. चमचा ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"छान जमलीये, वन्सं."

लहान मुलींना मी कलिंगड आणि पन्हं देऊन गॅलरीत बसवलं. आमच्या भांडणाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. मग वाट्या फिरवल्या. एकेक वाटी गुपचूप खुर्चीखाली गेली. वन्संनी स्वतः घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. तोवर मी वर जाऊन माझी डाळ आणली होती, सकाळी वाटलेली, बर्फात ठेवलेली. वीज जाणार हे मलाही माहीत होतं.

स्वयंपाकघरात त्या मागोमाग आल्या. "तुम्हाला कळलं होतं."

"हो. मागच्या वर्षी तुम्हाला कळलं होतं, तसंच."

गोळी आता बंद आहे. दर सहा महिन्यांनी नाक दाखवायचं, कोंब पुन्हा आले तर पुन्हा बघू, असं ठरलंय. वाईट वाटतं का, असं तुम्ही विचाराल. किलोभर डाळ वाया गेली, त्याचं वाटतं.

हल्ली वन्सं काही केलं की पातेलं घेऊन वर येतात, झाकण काढून माझ्यासमोर धरतात आणि उभ्या राहतात. मी चष्मा काढते, पुसते, मग वाकून सावकाश वास घेते. त्यांचे हात भरून येईपर्यंत काही बोलत नाही.